बिल कुणाच्या नावावर फाडायचे?

प्रति,
मा. अदिती तटकरे,
महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य

आदरणीय अदितीताई,

हे पत्र आपल्याला लिहिण्याची दोन कारणे आहेत. अत्याचार सोसलेल्या महिलांना आणि मुलांना अर्थसाहाय्य देणारी ‘मनोधैर्य’ योजना आपल्या खात्याची आहे, आणि आपण श्रीवर्धनच्या आमदार म्हणजे रायगडच्याच आहात. ज्या प्रकरणापासून मी सुरुवात करणार आहे ते आपल्या किनाऱ्यावरचे आहे. ते घडले तेव्हा आपण राजकारणात नव्हता, त्यामुळे त्याचा दोष आपल्याला देण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्यातून जो प्रश्न उरला आहे, त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आज आपल्याकडे आहे.

मुरूडला येणारा पाहुणा जंजिरा बघतो, काशीदच्या वाळूत दुपार काढतो, सुरमई खाऊन परत जातो. याच मुरूडमध्ये ‘अँकरेज’ या निवाऱ्याचे एक केंद्र होते. डंकन ग्रँट या ब्रिटिश नौदलातून आलेल्या माणसाने नव्वदच्या दशकात कुलाब्याच्या फुटपाथवरील मुलांसाठी हे निवारे काढले. ॲलन वॉटर्स हा त्याचा साथीदार. डोक्यावर छप्पर नसलेल्या पोराला कुणी जेवण, कपडे आणि समुद्राकाठचे घर देऊ केले, तर ते पोर नाही कसे म्हणणार? या निवाऱ्यांमध्ये मुलांचे लैंगिक शोषण होत असल्याच्या तक्रारी २००१ साली पुढे आल्या. चाइल्डलाइन या स्वयंसेवी संस्थेने आणि वकील महारुख आदेनवाला यांनी पाठपुरावा केला, प्रकरण उच्च न्यायालयासमोर गेले, तेव्हा कुठे तपासाची चाके फिरली. वॉटर्स २००३ मध्ये न्यूयॉर्कला पकडला गेला आणि त्याला प्रत्यार्पण करून भारतात आणावे लागले. ग्रँट टांझानियात होता; तो २००५ मध्ये हजर झाला.

मार्च २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी आणि प्रत्येकी २०,००० पौंड दंड सुनावला. निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला तीन वर्षांची शिक्षा झाली. दंडाची रक्कम मुलांना भरपाई म्हणून द्यायची होती. तेव्हाच्या दराने हे एका माणसाचे सुमारे १५ लाख रुपये होतात. माझ्या मते आपल्याकडच्या न्यायव्यवस्थेतला हा फार चांगला क्षण होता, कारण बिल ज्याचे त्याच्याच नावावर फाडले गेले होते. पण २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडले. चाइल्डलाइन आणि आदेनवाला सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १८ मार्च २०११ रोजी शिक्षा पुन्हा कायम झाली. तक्रारीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. २००१ मध्ये जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो २०११ मध्ये मतदार झाला होता.

गुन्हेगाराने पैसे भरावेत हे तत्त्व कितीही योग्य असले, तरी मूल तोपर्यंत थांबू शकत नाही. म्हणून भरपाई आधी सरकारने द्यायची आणि नंतर ती वसूल करायची, ही आजच्या कायद्याची दिशा आहे आणि ती बरोबर आहे. माझी तक्रार आहे ती ‘नंतर’ या शब्दाबद्दल. ‘नंतर’ कुणी काही वसूल करतच नाही.

हाच मार्च २०११ रायगडने आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवा होता. शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या वसतिगृहातील मृत्यूंच्या बातम्यांची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्राध्यापक आशा बाजपेयी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. ही समिती पनवेलजवळ कळंबोलीच्या ‘कल्याणी महिला व बालक सेवा संस्थे’त पोहोचली आणि तिथल्या मतिमंद मुलींवर होत असलेल्या अत्याचारांना वाचा फुटली. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला फाशी सुनावली, पुढे उच्च न्यायालयाने ती शिक्षा कमी केली. इतरांनाही शिक्षा झाल्या. म्हणजे मुरूडच्या खटल्याचा शेवट दिल्लीत होत होता, त्याच महिन्यात त्याच जिल्ह्यात दुसरा खटला सुरू होत होता. आणि दोन्ही वेळी दार कुणी उघडले? एकदा एका स्वयंसेवी संस्थेने, एकदा न्यायालयाने नेमलेल्या समितीने. ज्या सरकारी यंत्रणेला पाहणीसाठीच पगार मिळतो, तिने नव्हे.

कोकण किनाऱ्याला हे नवीनही नव्हते. मडगावात अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली आणि १९९६ मध्ये जन्मठेप. परोपकारी म्हणवणारा माणूस, किनाऱ्यावरचे शांत गाव आणि कुणी न विचारणारी मुले ही जुळणी तेव्हाच सगळ्यांना कळलेली होती. तरीही पाच वर्षांनी मुंबईत आणि मुरूडला तेच.

आता पैशांकडे येतो. अत्याचाराच्या विषयात पैशांबद्दल बोलणे काहींना हलके वाटते. मला तसे वाटत नाही. सरकारी कारभारात एखाद्या चुकीला किती गांभीर्याने घेतले, हे तिच्यापायी कुणाच्या खिशातून किती गेले यावरून कळते.

फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७-अ आले आणि पीडितांच्या भरपाईसाठी राज्यांनी योजना करणे बंधनकारक झाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच कलम ३९६ आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये मनोधैर्य आणली. त्या वेळी मदत दोन ते तीन लाखांपर्यंत होती. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका अल्पवयीन मुलीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला धारेवर धरले, ही मदत म्हणजे दानधर्म नव्हे याची आठवण करून दिली आणि शेजारच्या गोव्याकडे बोट दाखवले, तिथे कमाल मर्यादा दहा लाख होती. त्यानंतर आपल्याकडेही मर्यादा दहा लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. लहान मुलांसाठी पॉक्सो कायद्याचे २०२० चे नियम आणखी स्पष्ट आहेत: विशेष न्यायालय खटला संपण्याआधीही अंतरिम भरपाई देऊ शकते आणि आदेशानंतर ३० दिवसांत राज्य सरकारने ती भरली पाहिजे.

कागदावर हे चांगले आहे. हे पैसे पूर्ण आणि वेळेवर दिले जावेत, त्यात घासाघीस होऊ नये, याबद्दल माझा सूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात वरचा आहे. ‘करदात्यांचे पैसे अशा कामाला का?’ असे म्हणणाऱ्यांशी माझे काही देणेघेणे नाही. फक्त एक बाब प्रत्यक्ष जगण्याशी ताडून बघावी, अशी विनंती. मनोधैर्यच्या मंजूर रकमेपैकी २५ टक्के हाती येते आणि ७५ टक्के दहा वर्षांच्या मुदत ठेवीत जाते. आपल्या जिल्ह्यात दिवाळीनंतर वीटभट्टीवर आणि कोळसा भट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबे आहेत. त्यांची मुले आश्रमशाळेत, वसतिगृहात, कुणाच्या तरी भरवशावर राहतात. अशा घरातल्या मुलीसाठी म्हसळ्याहून किंवा पोलादपूरहून अलिबागला खेपा घालायच्या, आधार-बँकेची कागदपत्रे जुळवायची आणि मग पाऊण रक्कम दहा वर्षांनी मिळणार म्हणून गप्प बसायचे. पैसे कुणी नातेवाइकाने उडवू नयेत ही काळजी रास्त आहे. पण मुलीच्या शिक्षणाला, उपचाराला, गाव सोडायची वेळ आली तर भाड्याला पैसे आज लागतात. बालकल्याण समितीच्या देखरेखीखाली ठेवीतून टप्प्याटप्प्याने पैसे काढता आले पाहिजेत, आणि त्यासाठी पुन्हा अलिबागची वारी घडता कामा नये.

आता मूळ मुद्दा. हा पैसा सरकारी तिजोरीतून जातो. तिजोरीत तो कुणी घातला? मुरूडच्या मच्छी बाजारात बसणाऱ्या कोळणीने, अलिबागच्या रिक्षावाल्याने, आपण आणि मी. अत्याचार करणारा वेगळा, पाहणी न करता सही करणारा वेगळा, आणि भरणारे आपण. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. विषय होता घराचा ताबा द्यायला उशीर केल्याचा. न्यायालयाचे म्हणणे असे, की अधिकाऱ्याच्या बेफिकिरीची भरपाई सरकार देते तेव्हा ती शेवटी सामान्य माणूसच भरतो. म्हणून जबाबदार कोण ते शोधून रक्कम त्याच्याकडून वसूल करा. सदनिकेच्या चावीसाठी जो न्याय लागू झाला, तो वसतिगृहातल्या मुलीसाठी का लागू होऊ नये?

वसुलीची कल्पना आपल्या यंत्रणेला अपरिचित आहे असेही नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये पीडित महिलांसाठी तयार केलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना बघा. तक्रार खोटी ठरली तर दिलेली रक्कम व्याजासह परत घेण्याची तरतूद तिच्यात आहे. आरोपीकडून वसुलीसाठी प्राधिकरण न्यायालयात ‘जाऊ शकते’ असेही आहे. पण जिची सही बघून ते मूल त्या इमारतीत ठेवले गेले, त्या खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. बाईवर संशय आहे, आरोपीला सवलत आहे, आणि अधिकाऱ्याचा उल्लेखच नाही. योजनेतला हा क्रम कुणी मुद्दाम लावला असेल असे मी म्हणत नाही. पण त्याच्यातून आपली सवय दिसते.

आणि लाडकी बहीण योजनेत आपल्याच खात्याने काय केले? १,५०० रुपयांच्या हप्त्यासाठी घरोघरच्या बायकांचे ई-केवायसी झाले, अपात्र नावे काढली गेली, सरकारी नोकरीत असून पैसे घेणाऱ्यांचा शोध घेतला गेला. ते करू नये असे मी म्हणत नाही. एका बाईच्या १,५०० रुपयांचा माग काढण्याची क्षमता आपल्या खात्यात आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. तीच क्षमता पाहणीच्या फाइलवर वापरली गेली पाहिजे.

कारण पाहणीचे नियम अगदी नेमके आहेत. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मुलांना ठेवणारी प्रत्येक संस्था नोंदणीकृत हवी. नोंदणी नसेल तर संस्थाचालकाला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड होऊ शकतो. कलम ५४ प्रमाणे पाहणी समितीने दर तीन महिन्यांनी किमान एकदा भेट द्यायची, समितीत किमान तीन सदस्य, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी, आणि भेटीनंतर आठवड्याभरात अहवाल. पॉक्सोच्या कलम २१ प्रमाणे गुन्हा माहीत असून न कळवणे हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवले तर शिक्षा जास्त. म्हणजे एखाद्या निवाऱ्यात वर्षभर अत्याचार चालू राहिला, तर कायद्याने त्या काळात निदान चार वेळा एक डॉक्टर आणि एक बाई त्या दारातून आत गेलेली असली पाहिजे. गेली नसेल तर का नाही, आणि गेली असेल तर तिने काय लिहिले, हे दोन प्रश्न प्रत्येक भरपाईच्या आदेशासोबत आपोआप विचारले जायला हवेत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो बिनबुडाचा नाही. अधिकाऱ्यांच्या पगारातून वसुली होऊ लागली, तर ते प्रकरणे दाबतील, तक्रार आलीच नाही असे दाखवतील, आणि पोराला आज जेवढे मिळते तेवढेही मिळणार नाही. हे घडू शकते, म्हणून शिक्षेचा रोख नीट ठरवावा लागेल. ज्याने तपासणीत काही वेडेवाकडे पाहिले आणि वर कळवले, त्याला हात लागता कामा नये; उलट त्याची पाठ थोपटावी. वसुली व्हावी ती न जाता ‘भेट दिली’ असे लिहिणाऱ्याकडून, तक्रार आल्यावर संस्थाचालकाच्या घरी चहा घेऊन परतणाऱ्याकडून, गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या ठाणेदाराकडून. यातल्या शेवटच्यासाठी तर भारतीय न्याय संहितेत कलम १९९ आहेच.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे आणि तसाच असावा. परंतु ही ढाल मुलासाठी आहे, कार्यालयासाठी नाही. मुलाचे नाव, गाव, वय काहीही न सांगता पाहणीच्या तारखा, समितीतल्या सदस्यांची पदे आणि अहवालाचा निष्कर्ष सांगता येतो.

आयर्लंडचे उदाहरण इथे उपयोगी पडेल, थोडे धडा म्हणून आणि थोडे इशारा म्हणून. तिथे चर्चच्या संस्थांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत आणि अनाथालयांत पिढ्यान् पिढ्या मुलांचे हाल झाले. २००२ मध्ये सरकारने भरपाई मंडळ स्थापले आणि १८ धार्मिक संघांशी करार केला: त्यांनी १२ कोटी ८० लाख युरो द्यायचे, आणि त्या बदल्यात पुढच्या दाव्यांची जबाबदारी सरकारची. प्रत्यक्षात खर्च सुमारे दीड अब्ज युरोंवर गेला. बाकीचे कुणी भरले हे सांगायला नको. करार करणाऱ्यांना आकडा किती होईल याचा अंदाज नव्हता, आणि संस्थांना आपली जबाबदारी एकदाच ठरावीक किमतीत मोकळी करून घेता आली. तरी एक गोष्ट आयर्लंडने केली, जी आपण केलेली नाही. तिथल्या महालेखापरीक्षकाने हा सगळा हिशोब तपासून जाहीर केला. कुणी किती द्यायचे ठरले, किती दिले, सरकारवर किती पडले, हे तिथला कोणताही नागरिक वाचू शकतो आणि त्यावरून आपल्या आमदाराला जाब विचारू शकतो.

आपल्या किनाऱ्यावर गावातल्या रस्त्याच्या कामालासुद्धा फलक असतो: कामाचे नाव, ठेकेदार, रक्कम, आणि खाली ‘दोष दायित्व कालावधी’. रस्ता त्या मुदतीत उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. प्रत्यक्षात किती ठेकेदार तसे करतात, हे रेवदंडा-मुरूड रस्त्याने पावसाळ्यात गेलेल्याला विचारू नये. पण जबाबदारी कुणाची, हे निदान लिहिलेले असते. मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला परवाना देताना मात्र तिथे काही घडले तर खर्च कुणाचा, हे कुठेही लिहिलेले नसते.

म्हणून माझे म्हणणे असे. मनोधैर्य, विधी सेवा प्राधिकरण आणि पॉक्सो न्यायालये यांच्याकडून जाणाऱ्या भरपाईचा जिल्हावार वार्षिक हिशोब आपल्या खात्याने विधिमंडळात मांडावा: किती प्रकरणे, किती रक्कम, आदेशापासून पैसे मिळेपर्यंत किती दिवस, आरोपीकडून किती वसूल, संस्थेकडून किती, अधिकाऱ्यांकडून किती. शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य छापावे. तो शून्य वाचल्यावर सभागृहात कुणीतरी उठून प्रश्न विचारेल. सरकारी किंवा परवानाधारक संस्थेत अत्याचार घडला, की भरपाईच्या आदेशानंतर ठरावीक मुदतीत पाहणी कागदपत्रांची स्वतंत्र चौकशी व्हावी, आणि ती त्याच खात्याच्या आयुक्तांकडे नसावी. नोंदणी देताना संस्थेकडून अनामत किंवा विमा घ्यावा, म्हणजे संस्था बंद करून चालक पसार झाला तरी काही रक्कम हाताशी राहील. आणि परदेशातून देणगी घेऊन किनाऱ्यावर मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांची पाहणी तीन महिन्यांच्या नियमावर न सोडता अचानक व्हावी. मुरूडनंतर हे सांगावे लागते, हेच खटकते.

चांगल्या संस्थांना याचा जाच होईल, असे कुणी म्हणेल. पनवेलपासून श्रीवर्धनपर्यंत मुलांसाठी मन लावून काम करणारी माणसे आहेत. त्यांना पाहणीची भीती नसते. उलट समिती वेळेवर आली तर औषधे, शिक्षक, बिछाने यांची मागणी तिच्यासमोर ठेवता येते, हे त्यातल्या कुणालाही विचारून बघावे.

ताई, यातले बहुतेक काम नवा कायदा न करता, आपल्या खात्याच्या शासन निर्णयाने होऊ शकते. सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करा. रायगडमधल्या मुलांच्या सर्व संस्थांच्या गेल्या तीन वर्षांतल्या कलम ५४ च्या पाहण्यांच्या तारखा आणि अहवाल पुढच्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवा. ज्या तिमाहीत पाहणी झाली नाही, तिच्यासमोर त्या वेळच्या जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहा.

आपला,
अलिबाग तालुक्यातील एक करदाता